तळ्याचं पानी, सायबाच्या पायाशी

सायबाचं नाव मी घेनार नाय. मोठ्या मानसाचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाय, अशी आमच्यात रीत हाये. आमच्या तालुक्यात ‘सायब’ म्हनलं की एकच. मी सांगते, सून लिहिती. कंसात काय असंल ते तिनं घातलंय, लांबच्या वाचनाऱ्याला कळावं म्हनून.

सायबाला जाऊन लई वर्सं झाली. औंदा त्यांच्या जन्माची शंभरी. संभाजीनगरात त्यांचं स्मारक बांधलं, मोठा पुतळा उभा केला. गावोगाव निरोप आला, की सायबाच्या काळात दुष्काळी कामावर जी जी तळी झाली, त्या त्या गावच्या बायांनी आपल्या तळ्याचं पानी घागरीत घेऊन यावं. मिरवनूक निघंल. पुतळ्याच्या पायाशी हौद केलाय, त्यात सगळ्या तळ्यांचं पानी एक व्हईल.

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं, रस्त्यापासून आत. सरपंच जवान पोरगं. त्यानं सायब फोटूतच बघितल्यात. पारावर येऊन म्हनला, “आत्या, तळं खांदनाऱ्या बायांपैकी कोन कोन राह्यलंय?”

“दोघी,” मी म्हनलं. “मी आन सगुना.”

सगुना तिथंच शेंगा फोडीत व्हती. म्हनली, “आम्ही मरायच्या आदी इचारलंस ते बरं केलंस.”

सगुनाचे गुडघे गेलेत. माझी मान अजून ताठ हाये. तवा घागर माझ्या डोक्यावर ठरली आन संगत सगुनाची.

निघायच्या दिशी आम्ही दोघी तळ्यावर गेलो. घागर तांब्याची, माझ्या सासूची. चिंच लावून घासली व्हती, त्यात तोंड दिसत व्हतं. मी फडक्यानं पानी गाळाया लागले, तर सगुना म्हनली, “गाळतीस कशाला गं? सायबानं काय गाळून पिलं व्हतं व्हय?”

“शेरातली मानसं बघतीन, गाळ दिसंल.”

“दिसू दे. आपल्या तळ्याचाच हाये.”

मी चुंबळ (डोक्यावर भांड्याखाली घ्यायची कापडाची गुंडाळी) ठेवली, तिनं घागर उचलून माझ्या डोक्यावर चढवली. आमची जुनी जोडी हाये. कामावर मातीच्या पाट्या वाहायचो तवा दोघी-दोघींच्या जोड्या असायच्या. जी चढवनार तीच उतरवनार. दुसरीनं मधीच हात घातला तर तोल जायचा, मान लचकायची. एक दोघींची तशी कायमची गेली. म्हनून ही शिस्त आमच्या हाडात बसली.

सरपंच सडकेवर एष्टीपर्यंत सोडायला गाडी घेऊन उभा व्हता. त्याला म्हनलं, सडकेपर्यंत मी चालतच नेते, तू म्होरं व्हय. तळ्यापासून सडक तशी लांब नाय. पन मागनं गावातल्या बाया आल्या, पोरं आली, कोनीतरी हलगी आनली. म्हाताऱ्या बाईच्या मागं हलगी वाजतीया, मला लई अवघड वाटलं. सगुनाला मातर वाटलं नाय. ती नव्या नवरीवानी मिरवत व्हती.

एष्टीत कंडक्टर हसऱ्या तोंडाचा भेटला. म्हनला, “आजी, तीर्थाला निघाल्या का?”

“तीर्थ घेऊन निघाले.”

“मग घागरीचं वय सांगा. पंच्याहत्तरच्या वर असंल तर तिलाबी फुकट.”

“तुझ्या आज्ज्यापेक्षा मोठी हाये,” सगुना म्हनली. सगळी गाडी हसली. एका कालेजातल्या पोरीनं खिडकीची जागा सोडली. घागर मी मांडीवर घेतली, तोंडावर फडकं बांधलं, दोन्ही हातांनी कवळा घातला. पोराला घ्यावं तशी.

फुलंब्री मागं पडली. दोन्ही अंगाला ढाबे, प्लॉटिंगच्या पाट्या, मधीच एखादं मोसंबीचं रान. चौक्याच्या घाटात गाडी वळनं घ्यायला लागली तसं पानी डुचमळायला लागलं. डोंगर उघडेबोडके, खाली सीताफळीची झुडपं. ह्याच घाटानं मी एकदा तापानं फनफनलेलं पोर पाठीला बांधून चालत गेले व्हते, शेरातल्या दवाखान्यात. जाताना चालत, येताना चालत. त्यो पोरगा आता पन्नाशी वलांडून गेला, मला म्हनतो आई घाटात जपून बस.

हे पानी माझ्याच हातानं सायबाच्या पायाशी पडावं, एवढीच माझी इच्छा व्हती. का, ते सांगते.

माझा नवरा बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली गेला. विहिरीच्या कामावर दरड कोसळली. मी इशीच्या आतबाहेर, पोर पाळन्यात, सासरा आंधळा. मंग दुष्काळ पडला. ज्वारीचं कनीस दिसलं नाय. मिलो (बाहेरच्या मुलखातून आलेली लाल ज्वारी) मिळायची, तिची भाकर थापताना फाटायची. सुकडी (दुष्काळी कामावर वाटायचा कोरडा खाऊ) मिळायची, ती मी पोराला चारायची. मानसं गुरं सोडून देत व्हती.

सायब तवा मंत्री व्हते. जो मागंल त्याला काम द्यायचं, तेबी त्याच्या गावाच्या जवळ, असा त्यांनी हट्ट धरला. त्यापायी सरकारात लई भांडले म्हनतात. मी काय ते भांडन बघितलं नाय. आमच्या गावाला तळ्याचं काम निघालं आन माझी चूल पेटली, एवढं मी बघितलं.

उन्हात पाटीची कड तापायची. हाताला फोड यायचे, फुटायचे, परत यायचे. मी रडले नाय. रडायला अंगात पानी लागतं. पोर लहान म्हनून मुकादमानं मला मधी मधी पानी पाजायच्या कामाला लावलं. पन सकाळचं पहिलं पानी माझ्या हातचं कोनी घेत नव्हतं. पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचं, दिवस कसा जाईल, असं. मी कोनाला दोष देत नाय. त्या वक्ताला मलाबी तसंच वाटायचं.

मंग एक दिस सायब काम बघायला यायचे ठरले. मुकादम म्हनला, “गिरजे, तू जरा बांधाच्या मागं ऱ्हा. मोठी मानसं यायलीत.” गावातल्या एका थोराच्या सुनंला नवं लुगडं नेसवून, तांब्या देऊन म्होरं उभी केली. मी मागं बाभळीला बांधलेल्या पोराच्या झोळीपाशी जाऊन उभी ऱ्हायले.

सायब गाडीतून उतरले ते सरळ खड्ड्यात. ढेकळांतून चालत चालत ह्या टोकाला आले. टोपी घामानं भिजलेली. मला म्हनले, “बाई, पानी हाये का?”

मी म्हनलं, “हाये. पन माझ्या हातचं…”

ते माझ्या कपाळाकडं बघायले. मागनं तांब्या घेऊन पळत आलेल्या त्या सुनंकडं बघायले. मंग तिथंच मातीत उकिडवे बसले आन ओंजळ पुढं केली. मी वतत गेले, ते पीत गेले. उठून मुकादमाला म्हनले, “उद्यापासून कामाची सुरवात हिच्या पान्यानं करायची.” एवढंच. भाषन नाय, काय नाय.

दुसऱ्या दिशी सकाळी पहिली ओंजळ म्होरं आली ती सगुनाची. ती आदल्या दिशीपर्यंत माझ्या हातचं पीत नव्हती. मी वतलं.

हे सगळं मी त्या कालेजातल्या पोरीला सांगत व्हते, तवर हर्सूल आलं. तिथून म्होरं शेर लागलं ते सरंना. पयले इथं रानं व्हती. आता इमारतीला इमारत चिकटली. सिडकोच्या स्टँडवर उतरलो. सगुनानं मला घागर चढवाया घेतली तर एक रिक्षावाला धावत आला.

“खाला, रुको रुको, मैं पकडता. इसमें क्या है, जमजम है क्या?” (जमजम म्हंजी मक्केच्या विहिरीचं पवित्र पानी)

“आमच्या तळ्याचं पानी हाये, बाबा. सायबाला घालायला नेतो.”

“कौन साब? वो बडे साब?” त्यानं रिक्षाला लावलेल्या मीटरवर हात ठेवला, पन खाली पाडला नाय. “मेरे अब्बा उनके टैम पे रोड के काम पे थे. बैठो. लेकिन पानी सीट पे नै गिरना.”

गारखेड्याला माझ्या बहिनीची लेक मंदा राहती. चिकलठान्याच्या कंपनीत कामाला हाये. ही मंदा सायबांनी काढलेल्या मुलींच्या वसतिगृहात ऱ्हाऊन शिकली. बाप पाठवत नव्हता. तवा सायब निवडनूक हारले व्हते, मंत्री नव्हते काय नव्हते, तरी खांद्याला पिशवी अडकवून एष्टीनं गावोगाव फिरायचे आन पोरी गोळा करून न्यायचे. मंदाच्या बापाला म्हनले, “हिला माझ्याकडं दे, भाकरी करायची शिकली नाय तर मला दोष दे.” मंदाची भाकरी अजूनबी वाकडीच व्हतीया. पन पगार सरळ हाये.

तिनं दार उघडलं आन पयली नजर घागरीवर.

“मावशी! एवढं पानी आनलंस? ठेव ठेव, नळ येऊन आठवडा झालाय.”

“ह्याला हात लावायचा नाय.”

“पुतळ्याला घालनार? आगं पुतळ्याला काय तहान लागती का?” ती हसाया लागली. घरभर डरम, बादल्या, टोप, पातेली, समदी पान्यानं भरलेली. चार मजले चढून आलो तर पाय धुवायला तिनं तांब्याभर पानी मोजून दिलं. आमच्या तळ्यात म्हशी डुंबत्यात. हे शेर असून तहानलेलं. मला तिची दया आली, पन घागर मी देवापाशी नेऊन ठेवली.

तिनं येसराची आमटी (धान्यं आन मसाले भाजून केलेल्या पिठाची झनझनीत आमटी) केली व्हती. आमच्या दशम्या निघाल्या, शेंगदान्याची चटनी निघाली. जेवता जेवता मंदा अडखळली.

“मावशी, तुला कोनी सांगितलं का… घागरी घ्यायला समद्या सवाशिनी बोलावल्यात. आमच्या कंपनीतल्या एकीला तिच्या गावाकडनं घेतलंय, तिला तसं इचारूनच घेतलं.”

माझा घास हातात ऱ्हायला. सरपंचाला हे सुचलं नाय. गावाला सुचलं नाय. मलाबी नाय. गावात मी इतकी वर्सं पानी वततीया की आता माझ्या कपाळाकडं कोनाचं ध्यान जात नाय. शेरात हे परत नव्यानं असंल, असं ध्यानातच आलं नाय.

मंदा म्हनली, “सगुनाकाकूच्या डोक्यावर दे.”

“माझे गुडघे तुझा नवरा चालवनार का?” सगुना म्हनली.

“नायतर मावशी, एक टिकली लाव. हिरव्या बांगड्या माझ्याकडं हायेत. तिथं कोन तुझ्या घरी येऊन बघनार हाये?”

मी म्हनलं, “खोटं कपाळ घेऊन सायबापुढं जाऊ का?”

सगुनानं आमटी परत वाढून घेतली.

सकाळी मिरवनूक एका शाळेच्या मैदानातून निघनार व्हती. आम्ही पोचलो तर रंगच रंग. पैठनकडच्या बाया, सिल्लोडकडच्या, कन्नडकडच्या, समद्यांच्या घागरीला आंब्याचा डहाळा, गळ्याला हार. पोरी लेझीम घेऊन उभ्या. ढोल. आन एवढ्यात चिकलठान्याला उतरनारं इमान आमच्या डोक्यावरनं गेलं. कोनीतरी वरडलं, “पाव्हने आले, पाव्हने आले!” सगुनानं मान खाली घातली, म्हनली, “आता हे काय घागरीत उतरतंय का काय.”

रांग लागली. सगुनानं घागर माझ्या डोक्यावर चढवली आन बाजूला झाली. तवा समितीच्या मॅडम आल्या. भारी पैठनी, हातात हळदीकुंकवाचं ताट. एकेकीला कुंकू लावीत, “छान, छान, डोक्यावर पदर घ्या,” असं म्हनत रांगेनं येत व्हत्या. मागं पूजेचे गुरुजी, घड्याळाकडं बघत.

माझ्यापाशी आल्या आन बोट हवेतच थांबलं.

“आजी… तुमचे मालक?”

“गेले.”

“अरेरे. कधी?”

“पोर पाळन्यात व्हतं.”

मॅडम वाईट नव्हत्या, हे सांगते. त्यांचं तोंड पडलं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आन लई गोड आवाजात म्हनल्या, “आजी, आपण असं करू या का? तुम्ही पुढं खुर्चीत बसा. पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी. ही कोमल आहे ना, ती तुमची घागर घेईल. तुमच्याच गावचं नाव सांगू आपण.”

कोमल म्हनून एक देखनी पोरगी नऊवारीत उभी व्हती. ती बिचारी लाजली.

मी म्हनलं, “मी खुर्चीत बसायला आले नाय.”

“तसं नाही आजी. मंगल कार्य आहे, लोक काही बोलतात. नंतर आम्हालाच ऐकावं लागतं. कोमल, घे गं घागर.”

कोमल म्होरं झाली, हात वर केले, आन थांबली. तिला कळंना कुठून धरायचं. घागर काठोकाठ. मी जागची हालले नाय. मान ताठ ठेवून म्होरं बघत ऱ्हायले.

माझ्या मागं पैठनकडची एक म्हातारी व्हती, तिच्याबी डोक्यावर घागर. ती म्हनली, “ए पोरी, हात लावू नको. तिची मान मोडशील. जिनं चढवली तिला बोलव.”

“कुणी चढवली?” मॅडमनं इचारलं.

“मी,” सगुना म्हनली. एका कोपऱ्यात ती शाळेच्या पायरीवर बसली व्हती, गुडघे चोळत.

“आजी, तुम्ही जरा उतरवून देता का?”

“मी चढवली, मीच उतरवनार. बरोबर हाये. पन इथं नाय उतरवनार. सायबाच्या पायाशी उतरवनार.”

“अहो, पण…”

“पन काय?”

मॅडमला तवा सुचलं. “तुम्ही तर सवाशीण आहात! मग तुम्हीच घ्या ना डोक्यावर. मग प्रश्नच नाही.”

सगुना उठली. सगुना उठायला लई वेळ लागतो, त्यामुळं समद्यांचं ध्यान तिकडं गेलं. ढोलवाला पोरगाबी थांबला.

“मॅडम, माझा म्हातारा हाये, घरी खाटल्यावर पडलेला हाये. त्यो जिता हाये म्हनून मी सवाशीन. चांगलं हाये. पन ह्या तळ्याची एक पाटी त्यानं वाहिली नाय. आम्ही माती वाहायचो तवा त्यो लिंबाखाली बिड्या फुकीत बसायचा. हिनं वाहिली. आन मी वाहिली. आता त्याच्या नावानं मी घागर घेऊ, आन हिची काढून घेऊ? मला नाय जमत.”

“आगं बाई,” मागनं कोनीतरी म्हनलं, आन बाया हसाया लागल्या. पन हसू मधीच थांबलं. सिल्लोडकडची एक तरनी बाई बोलली, “आमच्या आत्याबी मागं घरी ठेवल्यात. तळं त्यांनीच खांदलं, घागर माझ्याकडं दिली.” दुसरी म्हनली, “आमचीबी.” मंग तिसरी. कोनी वरडलं नाय. एकेकीच्या तोंडातनं ते नुसतं निघत गेलं.

मॅडमनं एकदोघींकडं बघितलं, डोळ्यांनीच म्हनल्या की जरा मदत करा. एकीचाबी हात उठला नाय. उठनार कसा, समद्यांच्या डोक्यावर घागरी, आन दोन्ही हात घागरीला.

गुरुजी हळूच म्हनले, “मॅडम, वेळ चाललीय. आणि शास्त्रात म्हणाल तर पाणी हे पाणी असतं.”

मॅडमनं कुंकवात बोट बुडवलं आन माझ्या कपाळाकडं आनलं. काय करावं हे त्यांना कळत नसनार.

मी म्हनलं, “मला कुंकू नको, बाई. वाट दे.”

त्या बाजूला झाल्या.

ढोल वाजला. लेझीम सुरू झाली. मी चालाया लागले. कशी कोन जाने, रांगेतल्या बाया थोड्या थोड्या मागं सरकत गेल्या आन मी म्होरं येत गेले, आन रस्त्यावर आलो तर सगळ्यात म्होरं मीच. पैठनची म्हातारी माझ्या अंगाला. दोन्ही बाजूंनी मानसं. गच्चीवरनं फुलं टाकत व्हते. एक चहावाला किटली घेऊन चालत चालत लेझीमवाल्या पोरींना चहा पाजत व्हता. रिक्षावाले रिक्षा बाजूला लावून उभे व्हते. माझे पाय भाजत व्हते, डांबर तापलेलं. पन मला कामावरची माती आठवली, ती ह्याच्याहून तापायची. हे तर सपाट हाये, असं म्हनत मी चालले. पान्याचा थेंब गालावर आला. मी पुसला नाय.

पुतळा बघितला आन खरं सांगते, मला ओळखू येईना. नाक लई सरळ केलंय. सायबाचं नाक जरा बसकं व्हतं. अंगबी भरलेलं दाखवलंय, ते तर काटकीवानी व्हते. पन हात म्होरं केलाय. कारागिरानं काय मनात आनून केलाय ठाव नाय. मला तो ओंजळीचाच वाटला.

पायऱ्यांपाशी सगुना पोचायची व्हती. ती मागं लंगडत येत व्हती, मंदाच्या खांद्यावर हात टाकून. सगळी मिरवनूक थांबली. माइकवरचा मानूस म्हनला, “थोडं थांबा, थोडं थांबा.” पाव्हनेबी उभे. सगुना आली, एकेक पायरी चढली, दर पायरीला सायबाला म्हनली, “एवढ्या उंच कशाला उभे ऱ्हायलात?” मंग तिनं हात वर केले. घागर उतरवली. काठावरचा एक थेंब सांडला नाय.

मी ती दोन्ही हातांनी धरली आन हौदात वतली. थोडी पुतळ्याच्या पायावर गेली. पानी खळखळलं, आन समद्या मैदानानं अशा टाळ्या वाजवल्या की कबुतरं उडाली. माइकवरच्या मानसानं सायबाचं नाव घेऊन जय म्हनला. मी तोंड मिटून ठेवलं, पदर हनुवटीपर्यंत घेऊन हात जोडले. मग कन्नडची घागर पडली, पैठनची पडली, सिल्लोडची पडली. कुठलं पानी कुठलं, हे काय कळंना झालं.

पाव्हने बोलले. सायबांनी किती तळी केली, किती सडका केल्या, मुलींचं वसतिगृह काढलं, मरताना घरात काय मागं ठेवलं नाय, असं सगळं सांगितलं. चांगलं बोलले. मंदा रडत व्हती. मी पहिल्या रांगेत खुर्चीत बसले व्हते, आता बसले, कारन काम झालं व्हतं.

बुंदीचं पाकीट वाटायला मॅडम स्वतः आल्या. माझ्यापाशी खाली बसल्या, पैठनी मातीत लागली तरी. म्हनल्या, “आजी, माझी आई इथंच राहते, मागच्या गल्लीत. बाबा गेल्यापासून मी तिला अशा कार्यक्रमांना आणत नाही. तीही म्हणत नाही.”

“सायबाला बघितलंय का तिनं?”

“तिला त्यांनीच नोकरी लावली होती.”

“मंग जा की घेऊन ये. पुतळा काय कुठं जात नाय.”

त्या उठल्या आन खरंच गेल्या. आम्ही निघेपर्यंत एक गोरीपान म्हातारी काठी टेकीत हौदापाशी आली. तिनं हौदात हात बुडवला आन डोळ्याला लावला. मी तिला बोलले नाय. तिचं ती बघून घेईल.

परत जाताना घागर रिकामी नेऊ नये, म्हनून सगुना नळ शोधत व्हती. स्मारकाच्या बागेत नळ व्हता, पन कोरडा. मंदा म्हनली, “मावशी, इथं नळाला पानी नसतं, पुतळ्याला हाये.” शेवटी आम्ही बुंदीची पाकिटं घागरीत घातली आन निघालो. गारखेड्याहून सिडको, सिडकोहून एष्टी. घाटात सगुना माझ्या खांद्यावर घोरत व्हती. मी बाहेर बघत व्हते. उन्हं कलली व्हती, डोंगर तांबूस झाले व्हते.

मी विचार करत व्हते, सायबांनी आमच्यावर उपकार केले का? लोक तसं म्हनत्यात. मला तसं वाटत नाय. उपकार करनारा वरून देतो. ते खाली बसले व्हते. त्यांनी काम दिलं, आन माझ्या हातचं पिले, आन मंग तळं आम्हीच खांदलं. त्यांची जागा त्यांना, आमची आम्हाला. म्हनून पुतळ्यापुढं माझी मान खाली गेली नाय, आन त्यांना ते आवडलं असतं, असं मला वाटतं.

गावात आलो. बुंदी वाटली. चार दिस जो तो इचारत व्हता, मंग थांबलं. कापसाची येचनी सुरू झाली.

मंग एके सकाळी सगुना दारात. तिच्या नातवाचं लगीन ठरलेलं. हळदीचं पानी आनायला तिच्याबरूबर गावातल्या पाच-सहा लेकीसुना नटून उभ्या व्हत्या. हळदीच्या पान्याला मी आजवर कदी गेले नव्हते. मी म्हनलं, नीट आना, पायरीवर शेवाळ हाये.

सगुना म्हनली, “नुसती बघत काय ऱ्हायलीस? घागर काढ. म्होरं तू चालनार हायेस.”

लेकीसुनांकडं मी बघितलं. त्या माझीच वाट बघत उभ्या व्हत्या, जनू काय रोजचंच हाये.

“पोराला इचारलंस का? त्याच्या हळदीला…”

“त्यानंच पाठवलंय,” ती म्हनली. “आन आता जास्त बोलू नको, ऊन व्हतंय.”

मी आत जाऊन घागर आनली. सगुनानं हात लावला आन आम्ही तळ्याकडं निघालो.